इमारतीच्या सुरक्षेतील हयगय आणि स्थानिक अधिकाऱ्यांचे उत्तरदायित्व

महाराष्ट्रात निवासी इमारत उभी राहायची तर ठरावीक टप्प्यांवर तिच्या कागदांना सरकारी सही लागते. नकाशे मंजूर झाले की बांधकाम परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. काम जोत्यापर्यंत आले की जोत्याची तपासणी होते. उंच इमारतीला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला लागतो आणि सगळे काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र दिले जाते. यांतली प्रत्येक सही कुणातरी अधिकाऱ्याची असते. इमारत बेकायदा असेल तर सही नसते, पण तिथे दुसरे कर्तव्य लागू होते: बांधकामाची वेळीच पाहणी करणे, नोटीस बजावणे, काम थांबवणे आणि गरज पडल्यास ते पाडणे. म्हणून इमारत अधिकृत असो वा अनधिकृत, ती असुरक्षित निघाली तर बिल्डर, आर्किटेक्ट आणि संरचना अभियंता यांच्याबरोबर स्थानिक अधिकाऱ्याची जबाबदारीही तपासावीच लागते.

गेल्या काही वर्षांतल्या दुर्घटना पाहिल्या तर ही जबाबदारी किती वेगवेगळ्या रूपांत समोर येते हे दिसते. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे महापालिकेच्या हद्दीत, मुंब्र्याजवळ शीळ येथील लकी कंपाउंडमध्ये सात मजली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ही इमारत वनजमिनीवर, परवानगीशिवाय, काही महिन्यांत उभी राहिली होती. या प्रकरणात महापालिकेचे अधिकारी आणि पोलीस यांनाही अटक झाली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मुंबईत डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडून ६१ जण दगावले. ही इमारत खुद्द महापालिकेच्या मालकीची होती आणि तिच्यात महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसे गेली. तिचे वय जेमतेम दहा वर्षे होते. बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागार यांच्यासोबत नगरपरिषदेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांवरही तिथे गुन्हा नोंदला गेला. पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, भिवंडीची जिलानी इमारत पडून ३८ जणांचा जीव गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

पहिल्या घटनेत बेकायदा बांधकामाकडे डोळेझाक झाली, दुसऱ्या घटनेत मालक म्हणून देखभालीचा प्रश्न होता आणि तिसऱ्या घटनेत दिलेल्या परवानगीची व तपासणीची जबाबदारी प्रश्नांकित झाली. तिन्हींत लागू होणारी कलमे, जबाबदार पदे आणि पुरावे वेगळे आहेत. 'महापालिका जबाबदार आहे' असे मोघम म्हणून यातले काहीच हाती लागत नाही. कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याला, कोणत्या तारखेला, काय माहीत होते आणि त्याने कायद्याने काय करायला हवे होते, या चार गोष्टी कागदावर आणता आल्या तरच जाब विचारता येतो. हा कागद बहुतेक वेळा इमारत पडण्याआधी तयार झालेला असावा लागतो. नंतर जमवलेला पुरावा तोकडा पडतो.

जबाबदार कोण, हे कसे शोधावे

पहिला प्रश्न नियोजन प्राधिकरणाचा. शहरात ते सहसा महापालिका किंवा नगरपरिषद असते, पण प्रत्येक वेळी नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपुप्राधिकरण, म्हाडाच्या वसाहतीत म्हाडा, सिडकोच्या अधिसूचित क्षेत्रात सिडको, महानगराच्या कडेच्या गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, असे अधिकार वाटले गेले आहेत. गावठाणात ग्रामपंचायतीची आणि गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी कार्यालयाची भूमिका येते. चुकीच्या दारात दिलेली तक्रार 'हे आमच्या अखत्यारीत नाही' या शेऱ्यासह महिनोन्‌महिने फिरत राहते आणि पुढे कुणालाच तिचा जाब विचारता येत नाही. मंजूर नकाशावर आणि प्रारंभ प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का आहे हे पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग. कागदच नसेल तर जागा कोणत्या हद्दीत येते हे नगररचना विभागातून किंवा तलाठी कार्यालयातून विचारून घ्यावे.

दुसरा प्रश्न पदाचा. महापालिका क्षेत्रात अनधिकृत बांधकामांवर कारवाईसाठी प्रभागनिहाय 'पदनिर्देशित अधिकारी' नेमलेले असतात. बहुधा ते प्रभागाचे सहायक आयुक्त किंवा अभियंते असतात. बीट निरीक्षक किंवा कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष फिरतो, अहवाल देतो; नोटीस पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या सहीने निघते. परवानगीची फाइल नगररचना विभागात असते. नगरपरिषदेत हे अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे एकवटलेले असतात. कोणत्या काळात कोणत्या प्रभागाचा पदनिर्देशित अधिकारी कोण होता, याचे नेमणूक आदेश माहिती अधिकारात मिळतात आणि ते आवर्जून मागवावेत. बदल्या वारंवार होतात, पदभार हातोहात फिरतो आणि चौकशीच्या वेळी प्रत्येक जण 'तो माझा कार्यकाळ नव्हता' असे सांगतो. नेमणूक आदेश हाताशी असेल तर ही पळवाट उरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. दुर्घटनेनंतर सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे निलंबन करून प्रकरण मिटवण्याचा मोह यंत्रणेला होतो. कनिष्ठ अभियंत्याने धोका लिहून वर पाठवला असेल आणि वरच्या टेबलावर फाइल थांबली असेल, तर निलंबित माणूस दोषी नसून साक्षीदार ठरतो. म्हणून फाइल मागताना फक्त पत्रव्यवहार भाग मागू नये, टिपणी भागही मागावा. कोणी काय मांडले, कोणी काय शिफारस केली, कोणी 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाइल परत पाठवली, हे टिपणी भागातच कळते.

कायद्याने अधिकाऱ्यावर टाकलेली कर्तव्ये

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा कणा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये परवानगीविना बांधकाम करणाऱ्याला शिक्षा आहे, कलम ५३ मध्ये ते काढून टाकण्याच्या नोटिशीची आणि कलम ५४ मध्ये चालू काम थांबवण्याच्या नोटिशीची तरतूद आहे. महापालिकांच्या अधिनियमात कलम २६० आणि २६७ ही त्याच जातीची कलमे आहेत. मुंबईसाठी १८८८ च्या कायद्यातली कलमे ३५१ आणि ३५४-अ. पुरेसे कारण नसताना कारवाई टाळणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते, अशी तरतूद राज्याने नंतर या कायद्यांत घातली. तिचा वापर फार कमी होतो. तक्रारीत तिचा उल्लेख केला की अधिकाऱ्याला ही बाब आपल्यावर वैयक्तिक येऊ शकते याची जाणीव होते, आणि तेवढ्यानेही पुष्कळदा स्थळपाहणीची तारीख लवकर लागते.

जुन्या इमारतींसाठी वेगळी कलमे आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालक किंवा भोगवटादार यांच्यावर बंधनकारक आहे. मुंबईसाठी हीच तरतूद कलम ३५३-ब मध्ये आहे. इमारत ३० वर्षांची नसली तरी कारणे नोंदवून आयुक्त अशी तपासणी करायला सांगू शकतात. महाडची इमारत या वयोमर्यादेत बसतच नव्हती. नव्या इमारतीच्या खांबांना तडे गेले असतील, तळमजल्यावर दुकानासाठी भिंत वा खांब फोडला असेल, तर आयुक्तांच्या या अधिकाराचा आधार घेऊन लेखी मागणी करता येते. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ माणसे मेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराचाच प्रश्न पुढे आला होता. शेजाऱ्याच्या घरातून हातोड्याचे आवाज येत असतील तर ती केवळ झोपमोडीची तक्रार नसते. कुठला भाग फुटतो आहे हे त्याच दिवशी पाहिले गेले पाहिजे.

धोकादायक ठरलेल्या इमारतींची सी-१, सी-२-अ, सी-२-ब आणि सी-३ अशी वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. पावसाळ्यापूर्वी पालिका यादी जाहीर करतात आणि इमारतीवर नोटीस चिकटवतात. नोटीस चिकटवली की आपले काम संपले असा समज यंत्रणेत रुजला आहे. तो चुकीचा आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ आणि २६८ मध्ये धोकादायक भाग काढून टाकण्याचे आणि इमारत रिकामी करून घेण्याचे अधिकार आहेत. ते असताना वर्षानुवर्षे फक्त नोटिशीच निघत असतील, तर त्या नोटिशी अधिकाऱ्याचे संरक्षण करत नाहीत. इमारत पडू शकते हे त्याला माहीत होते, याचाच तो पुरावा असतो.

रहिवासी तक्रार करायला कचरतात यामागे बहुधा घर हातचे जाण्याची भीती असते. ती खरी आहे आणि तिची टर उडवण्यात अर्थ नाही. एवढे मात्र निश्चित की इमारत पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. घर सोडण्यापूर्वी प्रत्येक गाळ्याचे चटईक्षेत्र मोजून पालिकेकडून त्याची नोंद व दाखला घ्यावा, भाडेपावत्या आणि वीजबिलांच्या प्रती घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात.

आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे नमुना 'ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यात सादर करावे लागते. ते सादर करणे हे मालकाचे किंवा सोसायटीचे काम. ते आले नाही तर नोटीस काढणे अग्निशमन अधिकाऱ्याचे.

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावलेला असावा, काम चालू असताना अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून नोंद ठेवावी, भोगवटा प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहणीनंतरच द्यावे, त्याआधी वीज, पाणी व मलनिःसारणाच्या जोडण्या देऊ नयेत, आणि चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यावर तत्काळ विभागीय कारवाई व्हावी. यांतली पाहणीच्या नोंदींची बाब तक्रारदारासाठी फार मोलाची आहे. माहिती अधिकारात या नोंदी मागितल्या आणि 'नोंदी उपलब्ध नाहीत' असे लेखी उत्तर आले, तर ते उत्तरच निर्देशांचे पालन झाले नसल्याचा पुरावा ठरते.

तक्रार अशी लिहावी

तोंडी सांगणे, व्हॉट्सॲपवर फोटो टाकणे, नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन येणे याने हालचाल होऊ शकते, जबाबदारी निश्चित होत नाही. त्यासाठी लेखी तक्रार पदनामाने द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर टपाल शाखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. ही पोच पुढच्या प्रत्येक मार्गाचे पहिले पान असते. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. राज्याच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा पालिकेच्या ॲपवर तीच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

मजकूर थोडका आणि मोजता येणारा असावा. इमारतीचे नाव, सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक, मजले, राहणाऱ्या कुटुंबांची संख्या आणि दिसलेली गोष्ट तारखेसह. 'इमारत फार धोकादायक झाली आहे' या वाक्यापेक्षा 'तळमजल्याच्या जिन्यालगतच्या खांबाचे प्लास्टर निखळून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत; तडा ३ जूनला एक फूट होता, २० जूनला तो तुळईपर्यंत गेला' हे वाक्य कितीतरी अधिक बांधून ठेवते. फोटो काढताना तड्याशेजारी मोजपट्टी धरावी. सोसायटीला शक्य असेल तर संरचना अभियंत्याकडून प्राथमिक अहवाल घ्यावा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या चाचण्या काँक्रीट न फोडता होतात आणि त्यांतून काँक्रीटच्या दर्जाचा अंदाज येतो; शंका वाढली तर गाभ्याचा नमुना काढून त्याची ताकद प्रयोगशाळेत तपासतात.

शेवटी मागणी नेमकी करावी: अमुक कलमाखाली स्थळपाहणी करून पंचनामा करावा, काम थांबवण्याची नोटीस द्यावी, आणि काय केले ते अमुक दिवसांत लेखी कळवावे. 'या तक्रारीनंतर जीवितहानी झाल्यास धोक्याची पूर्वकल्पना कार्यालयाला होती असे समजले जाईल' हे वाक्य मजकुरात असलेच पाहिजे. एक प्रत आयुक्तांना आणि एक आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्यावी. अर्ज एकट्याच्या सहीने देण्यापेक्षा सोसायटीच्या ठरावाने किंवा अनेक कुटुंबांच्या सह्यांनी दिला तर दबाव एकावर येत नाही. बेकायदा बांधकामामागे पैसा आणि दांडगाई दोन्ही असू शकतात, हे लक्षात ठेवून पावले टाकावीत.

इमारत कोणत्याही क्षणी पडेल अशी असेल तर पालिकेच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, पडू शकणारी वास्तू पाडण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा सशर्त आदेश उपविभागीय दंडाधिकारी देऊ शकतात. हा अर्ज प्रांत कार्यालयात करता येतो. हा मार्ग पालिकेच्या फाइलवर अवलंबून नाही, तरीही तो फारसा कुणाला आठवत नाही.

माहिती अधिकाराचा नेमका वापर

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालचा अर्ज १० रुपयांत होतो. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून एका इमारतीसाठीही दोन-तीन वेगळे अर्ज करणे सोयीचे. पहिल्या अर्जात मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र, अग्निशमन दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागाव्यात. दुसऱ्यात पाहणी अहवाल, बजावलेल्या नोटिशी, झालेली कारवाई आणि फाइलचा टिपणी भाग. तिसऱ्यात पदनिर्देशित अधिकाऱ्यांचे नेमणूक आदेश. 'कारवाई का झाली नाही' असा प्रश्न विचारू नये. कायदा उपलब्ध माहिती देतो, खुलासा देत नाही. 'अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती' असे मागावे.

उत्तराची मुदत ३० दिवस आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. धोकादायक इमारतीसाठी ही तरतूद लागू होते असे अर्जाच्या माथ्यावरच लिहून, कारण एका ओळीत द्यावे. याच कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार कागदांसोबत कामाची पाहणी करण्याचा आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे. पालिका, म्हाडा किंवा सिडको यांच्या स्वतःच्या बांधकामात हा हक्क विशेष उपयोगी पडतो: काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या ७ आणि २८ दिवसांच्या चाचण्यांची नोंदवही पाहायला मागता येते.

त्रयस्थ पक्षाची किंवा वैयक्तिक माहिती म्हणून नकार आला तर सार्वजनिक हिताचा मुद्दा घेऊन ३० दिवसांत पहिले अपील करावे, नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. माहिती दडवणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

फाइल हाती आल्यावर तिची पडताळणी करायला विसरू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे आयुष्याची पुंजी घालणाऱ्या कुटुंबांनी संकेतस्थळावरची नोंदणी पाहिलीच होती. महारेराचा क्रमांक म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे. मालमत्ता कराची पावतीही नव्हे: बेकायदा बांधकामावर पालिका कर आणि शास्ती लावते, त्याने ते अधिकृत होत नाही. परवानगीचा क्रमांक घेऊन तो नगररचना विभागाच्या नोंदवहीशी ताडून पाहणे हाच भरवशाचा उपाय.

वरचे दरवाजे

लेखी तक्रार, स्मरणपत्र आणि माहिती अधिकाराचे उत्तर असे तीन कागद जमले की पुढचे मार्ग उघडतात. महापालिका कर्मचाऱ्यावर कारवाईचा अधिकार मुख्यतः आयुक्तांकडे असतो. मुख्याधिकारी हे राज्य सेवेतले असल्याने त्यांच्याबद्दलची तक्रार जिल्हाधिकारी आणि नगरविकास विभागाकडे जाते. मागणी 'कडक कारवाई'ची नको. कोणत्या कर्तव्यात कसूर झाली हे कलमासह मांडून विभागीय चौकशी मागावी. राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी २००५ चा दप्तर दिरंगाई कायदाही आहे: कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये आणि जाणूनबुजून दिरंगाई केली तर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे तो सांगतो.

लोकआयुक्तांचे कार्यालय गैरप्रशासनाच्या तक्रारी ऐकते. तिथे कागदपत्रे आणि शपथपत्र नीट जोडावे लागते, पण वकिलाची सक्ती नाही. लाच मागितली गेली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी १०६४ या क्रमांकावर संपर्क साधावा. सापळा लावून रंगेहाथ पकडण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाबद्दलच्या तपासासाठी मात्र ती लागते.

नगरसेवकाचा हात असेल तर आणखी एक तरतूद आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार, नगरसेवकाने स्वतः, पती-पत्नीने किंवा अवलंबितांनी बेकायदा बांधकाम केले, तशा बांधकामाला पदाच्या नात्याने मदत केली, किंवा ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी वा प्रत्यक्ष अडवले, तर तो अपात्र ठरू शकतो. कारवाई थांबवण्यासाठी नगरसेवकाने दिलेले पत्र फाइलमध्ये सापडले, तर ते साधे शिफारसपत्र समजून बाजूला ठेवू नये.

दुर्घटनेनंतर

ढिगारा हलवणे हे बचावासाठी आवश्यक असते, पण त्यासोबत पुरावाही ट्रकमध्ये भरला जातो. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्यावा: खांबांचे तुकडे, सळ्या आणि काँक्रीटचे नमुने पंचनामा करून जप्त करावेत, व्हीजेटीआय किंवा आयआयटीसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावेत, आणि पालिकेतली मूळ फाइल ताब्यात घ्यावी. आधी माहिती अधिकारात मिळालेल्या प्रमाणित प्रती या वेळी फार उपयोगी पडतात, कारण फाइल 'गहाळ' झाली तरी त्या राहतात.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. हयगयीने मृत्यू ओढवण्यासाठी कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. धोका माहीत असूनही केलेल्या कृतीसाठी सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. बांधकाम, दुरुस्ती वा पाडकामातील हयगयीसाठी कलम २९०, आणि नुकसान व्हावे या हेतूने चुकीचा दस्तऐवज बनवणाऱ्या लोकसेवकासाठी कलम २०१ आहे. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. लोकसेवकाविरुद्धच्या अर्जावर दंडाधिकारी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे मागवतात. सरकारच्या मान्यतेनेच पदावरून दूर करता येईल अशा अधिकाऱ्यावर कर्तव्याच्या ओघात घडलेल्या गुन्ह्यासाठी खटला चालवायला मंजुरी लागते, पण नव्या संहितेत सरकारला त्यासाठी १२० दिवसांची मर्यादा आहे. त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. अभियोगाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला, हे म्हणूनच लेखी विचारून ठेवावे.

नुकसानभरपाईबाबत न्यायालयांची भूमिका एकसारखी नाही, आणि तिची जाणीव ठेवूनच दावा आखावा. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा पडून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला मालक म्हणून सरळ जबाबदार धरले. दोष दिसणारा होता की दडलेला, याला महत्त्व दिले नाही. पालिकेच्या स्वतःच्या इमारतींना हे तत्त्व थेट लागू पडते. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या प्रकरणात २०११ मध्ये मात्र न्यायालयाने दिल्ली महापालिका आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांवरची भरपाईची जबाबदारी काढून टाकली. केवळ परवाना देण्यातली किंवा देखरेखीतली हयगय पुरेशी नाही, दुष्ट हेतू किंवा अधिकाराचा जाणीवपूर्वक गैरवापर दाखवावा लागेल, असा त्याचा रोख होता. या निकालाने मृतांच्या नातेवाइकांवर फार मोठे ओझे टाकले आहे. ते पेलायचे तर आधीच्या तक्रारींच्या पोचा, बजावलेल्या आणि मग गुंडाळून ठेवलेल्या नोटिशी आणि टिपणी भागातले शेरे हेच साधन आहे. म्हाडा किंवा सिडकोने बांधलेल्या घरांत ग्राहक आयोगाचा मार्ग तुलनेने सोपा आहे. १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरे बांधून देणे ही सेवा मानली, आणि त्रास देणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल करण्याचा मार्गही मोकळा केला. बिल्डरविरुद्ध रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतील संरचनात्मक दोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहेच.

मुदतींकडे लक्ष हवे. महापालिकेविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दाव्यालाही छोटी मुदत आहे, त्यामुळे वकिलाचा सल्ला पहिल्याच महिन्यात घ्यावा. चौकशी समिती नेमली गेली असेल तर तिच्यापुढे लेखी म्हणणे देऊन पोच घ्यावी आणि अहवाल सादर होताच त्याची प्रत मागावी. अधिकारी निवृत्त झाला तरी सुटत नाही, पण वेळ मर्यादित आहे: राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ नुसार, निवृत्तीनंतर सुरू होणारी विभागीय चौकशी घटनेपासून चार वर्षांच्या आतच सुरू व्हावी लागते. चुकीचे भोगवटा प्रमाणपत्र आज दिले गेले आणि इमारत सहा वर्षांनी पडली, तर त्या सहीसाठी निवृत्त अधिकाऱ्यावर विभागीय कारवाईचा मार्ग बंद झालेला असतो आणि फौजदारी मार्गच उरतो.